मामांनी पारखलेली सायकल

तेव्हा आमच्याकडे सरकारी कारभार उर्दूत चालायचा, तसा माझ्या मास्तरकीचा हुकूमही उर्दूत आला. घरात उर्दू वाचणारा मी एकटाच, त्यामुळे तो सगळ्यांना वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं. मी मोठ्या आवाजात वाचलं आणि शेवटचं वाक्य गिळलं. आई देवापुढे साखर ठेवायला उठलीसुद्धा. मामा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत ते म्हणाले, "त्या कागदावर सा वळी हायत. तू पाच वाचल्यास. सहावी कावून ठिवली?"

सहाव्या ओळीत खरी मेख होती. मला दोन शाळा मिळाल्या होत्या. सकाळची आमच्याच गावात, धारूरच्या घाटमाथ्यावर, आणि दुपारची घाटाखालच्या गावात. पायी जाऊन दुसरी शाळा वेळेवर भरवणं शक्य नव्हतं, म्हणून सरकारने लिहिलं होतं की उमेदवाराने महिन्याच्या आत स्वतःच्या सवारीची सोय करावी. तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला येतील, आणि मास्तर दोन्ही शाळांत वेळेवर हजर दिसला नाही तर नेमणूक रद्द समजावी.

वडील गेल्यापासून आई आणि मी मामांच्याच घरी होतो. मी एकोणीस वर्षांचा झालो होतो, मिशी फुटली होती, आणि अजून मामांच्या कणगीतली ज्वारी खात होतो. मामांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मला घास गिळताना रोज ते आठवायचं. ही नोकरी मला हातची घालवायची नव्हती.

मामांकडे एक पांढरी घोडी होती. आता कोणीही म्हणेल, मग तीच का नाही? एक तर तिचं वय झालं होतं आणि घाट उतरताना तिचे गुडघे दुखायचे. दुसरं म्हणजे ती मला चावायची. मामांवर मात्र तिचा असा जीव होता की ते शेतातून यायला निघाले की ती दारात खिंकाळायची. आई म्हणायची, यांचं लग्न या घोडीशीच लावायला पाहिजे होतं. मामी नव्हत्या, मामांनी लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे हे बोलायला आईला कुणाची चोरी नव्हती.

त्याच सुमारास कुणीतरी बातमी आणली की नांदूरघाटला एक म्हातारे मुन्शी राहतात, त्यांच्याकडे दोन सायकली आहेत आणि त्यांचं शरीर आता इतकं सुटलंय की त्यांना एकही चालवता येत नाही. त्यांना घरापासून बाजारापर्यंत नेईल असं गरीब जनावर हवं होतं. मामांनी ते ऐकलं आणि दोन दिवस ते गोठ्यात घोडीपाशीच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी घोडीला खरारा केला, नवाकोरा कासरा गाठोड्यात बांधला आणि मला म्हणाले, "चल. सायकल बघाया जाऊ."

"मामा, तुमी सायकल कदी बघितली का?"

"जनावर तर बघितलंय ना?" मामा म्हणाले. "चार पायाचं असू नायतर दोन चाकाचं. लक्षणं कळत्यात."

हे मात्र खरं होतं की आमच्या भागात बैल घ्यायचा तर लोक मामांना बरोबर नेत. दात, खूर, शेपटीचा गोंडा, कपाळावरचा भोवरा, चाल, सगळं बघून ते एकच शब्द बोलत, "घे" किंवा "सोड". त्यांनी सोडायला सांगितलेला बैल कुणी हौसेने घेतलाच तर वर्षभर बाजारात त्याची थट्टा व्हायची.

मुन्शीजी ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. दाढी मेंदीने रंगवलेली, अंगात पातळ मलमलचा कुडता. मामांचा त्यांनी मोठा आदर केला, चहा मागवला, आणि दोन्ही सायकली अंगणात काढायला लावल्या. मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून सायकल बघत होतो. माझे डोळे त्यातल्या एकीवरून हलेनात.

ती नवी होती. हिरवी, चकचकीत, आणि चालवताना पाय थांबवले तरी ती आपली पळत राहायची. मागच्या चाकातून टिकटिक टिकटिक असा बारीक आवाज यायचा. मुन्शीजींनी चाक उचलून फिरवून दाखवलं तेव्हा मला वाटलं, घाट उतरताना मी असा पाय स्थिर ठेवून बसलोय, धोतराचा सोगा उडतोय आणि टिकटिक करत मी खालच्या गावात शिरतोय. पोरं बघतायत. पोरांच्या बहिणी बघतायत.

दुसरी काळी होती, जुनी होती, आणि तिचं मागचं चाक पायडलला बांधील होतं. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल थांबलं की चाक थांबणार. तिच्यावर बसून पायांना क्षणभर उसंत नव्हती. "हीच्यावर बसलं म्हंजे माणूस अन् गाडी एकच," मुन्शीजी म्हणाले. "तुमी पळाले तर ती पळती, तुमी आवरलं तर ती आवरती. नवशिक्यानं हीच्यावर शिकावं. पण मेहनत लई."

मामा उठले. आधी त्यांनी हिरवीच्या सीटवर थाप मारली, ती दचकते का बघायला. मग टायर अंगठ्याने दाबलं, पुढचं चाक गुडघ्यावर घेऊन खुरासारखं न्याहाळलं, साखळीचा वास घेतला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मुन्शीजी मात्र गंभीरपणे प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते.

"हिला चालीव," मामांनी सांगितलं. मुन्शीजींनी चाक फिरवलं. टिकटिक सुरू झाली.

"हे काय बोलतंय?"

"पाय थांबले की आवाज करतंय, पाटील. तशी कळच हाय तिची."

मामांनी बराच वेळ ती टिकटिक ऐकली. मग माझ्याकडे बघितलं. मी हिरवीच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो, तो त्यांनी बघितला असणारच. मग ते मुन्शीजींच्या शेजारी जाऊन बसले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

आमच्याकडे बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं धरून, दाबून भाव सांगायचा. वर दोघं माणसं पीकपाण्याचं बोलत असतात आणि खाली भांडण चाललेलं असतं. उपरण्याखाली काय झालं ते तिसऱ्याला कधी सांगायचं नाही, असा दंडक आहे. मामा त्या दिवशी ज्वारीला चिकटा पडल्याचं बोलत होते. मुन्शीजी हं हं करत होते. एकदा मुन्शीजींच्या भुवया वर गेल्या. एकदा मामा बोलता बोलता थांबले, मग पुन्हा चिकट्यावर आले. मी हिरवीवरची धूळ माझ्या सदऱ्याच्या टोकाने पुसत होतो.

उपरणं निघालं. मामा उठले आणि म्हणाले, "ती हिरवी सोड. काळी घे."

"मामा!"

"अरं, आपन थांबल्यावरबी जे पळतंय ते जनावर खोडीचं. अन् मालक निवांत बसला की टिकटिक करून चहाडी करतंय. असलं आपल्या दावणीला न्हाई लाभत. ही काळी बघ. आपन थांबलो की थांबती. इमानी हाय."

मी मुन्शीजींकडे आशेने बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. मला भयंकर राग आला. बैलांची पारख करणारा माणूस सायकलीत नाक खुपसतो आणि माझ्या आयुष्याची टिकटिक बंद करतो! पण सवारी त्यांच्या घोडीच्या बदल्यात मिळत होती. माझ्या पदरचं काय होतं त्यात? मी सदऱ्यावरची धूळ झटकून टाकली.

सौदा ठरला तेव्हा आणखी एक भानगड निघाली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, विकणाऱ्याने ते स्वतःकडे ठेवायचं, अशी आमची रीत. दाव्यासकट दिलं तर गोठ्याची बरकत जाते. मामांनी घोडीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळून आपल्या खांद्यावर टाकलं, आणि मुन्शीजींना म्हणाले, "तुमीबी तुमचं दावं काढून घ्या."

मुन्शीजी गोंधळले. "पाटील, सायकलीला दावं कुठून आणू?"

"काईतरी असंलच. रीत मोडून जनावर न्यायाचं न्हाई आमी."

मुन्शीजींनी घंटी काढायला हात घातला. मामा म्हणाले, "ते घुंगरू हाय. घुंगरू जनावरासंगं येतं." आता दोघंही अडले. आणि तिथे मी, घरातला एकमेव उर्दू वाचणारा, रागाच्या भरात शहाणपण दाखवायला पुढे झालो. मी म्हणालो, "दाव्याचं काम काय? जनावर आवरून धरायचं. सायकलीला आवरून धरतो तो ब्रेक. म्हणजे ब्रेक हेच दावं."

मामांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका अभिमान दाटला की काय सांगू. "बघा मुन्शीजी! शिकलेलं पोरगं."

मुन्शीजींनी विचारलं, "मास्तर, तुमच्या वाटंवर घाट हाय ना?" मी ऐटीत म्हणालो, "बांधील चाक आहे की. पाय आवरले की गाडी आवरेल. तुम्हीच सांगितलंत." मग त्यांनी निमूटपणे पाना आणला. मामांनी सायकलीच्या मुठीला नवा कासरा बांधला, आणि आम्ही काळीला ओढत घराकडे निघालो. घोडी मुन्शीजींच्या अंगणातून दोनदा खिंकाळली. मामांनी मागे वळून बघितलं नाही. सगळ्या वाटेत ते मला सायकलीचे गुण सांगत होते.

शिकण्याचे पहिले पंधरा दिवस मी सांगू नयेत हेच बरं, पण सांगतो. मामा पुढे कासरा धरून चालायचे आणि मी वर बसायचो, आणि सगळं गाव काम सोडून पारावर जमायचं. पाय थांबवायची माझी खोड काही जाईना. मी थांबवला की पायडल मला उचलून फेकायचं, कधी नडगीवर सणसणीत बसायचं. निवडुंगाच्या कुंपणाशी माझी इतकी घसट झाली की काटे काढता काढता आई म्हणाली, "घोडी निदान दिसामाजी एकदाच चावायची."

पण हळूहळू पायांना कळायला लागलं. चढाला गाडी स्वतःच पाय पुढे ढकलायची, थकलेल्या पायाला थांबू द्यायची नाही. सपाटीला मागे रेटा दिला की ती हळू व्हायची. तिच्यावर बसून मला माझी गुडघेदुखी, माझा आळस, माझी घाई सगळं कळायचं. हिरवीवर ते कळलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण राग होता, तो मी जपून ठेवला होता.

घाट मात्र पायांनी आवरेना. पहिल्या दिवशी मी सायकल हातात धरून उतरलो आणि खालच्या शाळेत इतक्या उशिरा पोहोचलो की पोरं घरी गेलेली. मामांनी रात्रीची भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाटात भरली गाडी उतरायची तर आमी काय करतो? मागं ओंडका बांधतो." दुसऱ्या दिवसापासून मी घाटमाथ्यावर बाभळीची भलीमोठी फांदी कासऱ्याने सायकलीच्या मागे बांधायला लागलो. खराखरा आवाज करत, धुळीचा लोट उडवत मी उतरायचो, आणि पायथ्याशी फांदी सोडून शाळेत जायचो. वेळेवर. खालच्या गावातली पोरं धूळ दिसली की पाट्या काढून बसायची.

मग साहेब आले. दोन घोड्यांचा टांगा, शेरवानी, चष्मा, बरोबर पट्टेवाला. सकाळच्या शाळेत त्यांनी पोरांना पाढे विचारले, हजेरी तपासली, आणि खिशातून घड्याळ काढून मला उर्दूत म्हणाले, "दुपारच्या शाळेत भेटू. घंटेला तिथं नसाल तर भेटायची गरज नाही." आणि टांगा निघून गेला. मला शाळा आवरायची होती, कुलूप लावायचं होतं, फांदी बांधायची होती. मी सगळं केलं. मामा बांधावर उभे राहून बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

अर्ध्या घाटात कासरा तुटला. महिनाभर दगडांवर घासून तो झिजला होता आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. फांदी मागे राहिली आणि काळी सुटली. पायडलं अशी गरगरायला लागली की मी पाय वर उचलून मुठीवर टाकले आणि आईचं नाव घेतलं. वळण आलं, गेलं. दुसरं वळण आलं, गेलं. आणि समोर साहेबांचा टांगा.

त्या काळी साहेबाच्या पुढे जायचं तर सलाम केल्यावाचून जायचं नाही, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. मी एक हात मुठीवरून काढला, झुकून सलाम केला, आणि घोड्यांच्या नाकासमोरून गेलो. घोडे उधळता उधळता राहिले. माझं पागोटं पट्टेवाल्याच्या मांडीवर पडलं. मी शाळेसमोर आलो. पोरं ओळीने उभी होती, त्यांनी "मास्तर आले!" म्हणून आरोळी ठोकली, आणि मास्तर शाळेसमोरून तसेच पुढे गेले. शेवटी ओढ्याच्या वाळूत काळी रुतली आणि मी हातभर पुढे जाऊन पडलो. उठलो, धावत मागे आलो आणि घंटेची दोरी ओढली.

टांगा त्यानंतर आला. साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्या केसातली वाळू बघितली, आणि पट्टेवाल्याला खूण केली, त्याने माझं पागोटं मला परत दिलं. "आप रुके नहीं?" साहेब म्हणाले.

"हुजूर, घंटेची वेळ झाली होती."

साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. शेऱ्याच्या वहीत त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं, वक्त का पाबंद. वेळेचा पक्का. माझी नोकरी कायम झाली.

पहिल्या सुट्टीला मी नांदूरघाटला गेलो, मुन्शीजींकडून ब्रेक परत मागायला. रीत गेली चुलीत, मला जिवंत राहायचं होतं. घोडी अंगणात सावलीला उभी होती, अंगावर मांस चढलं होतं. तिने मला ओळखलं, कारण ती चावली. मुन्शीजींना मी घाटातला सगळा प्रकार रंगवून सांगितला. ते पोट धरून हसले. मला आणखी चेव आला. मी म्हणालो, "आमच्या मामांची पारख! हिरवी सोडून ही घ्यायला लावली. म्हणे टिकटिक करून चहाडी करते! अडाणी माणसाला बरोबर आणलं की असं होतं."

मुन्शीजींचं हसू थांबलं.

"मास्तर," ते म्हणाले, "उपरण्याखालचं सांगायचं नसतं. पण तुमी असं बोलू नका. तुमच्या मामानं पैल्यांदा हिरवीच मागितली. घोडी अन् वरून जे हुतं न्हवतं ते सगळं बोटांनी दाबलं. मग बैलजोडीतला एक बैल दाबला. मी हात मागं घेतला. म्हटलं, एका बैलावर तुमी शेत कसं करणार? मग ते लई वेळ माजा हात नुसता धरून बसले. मग काळीची खूण केली. मला वाटलं, आता हे पोराला काय सांगणार? तर त्यांनी तुमाला ते टिकटिकीचं सांगितलं."

मी ब्रेक घेतला की नाही ते मला आठवत नाही. घेतला असणार, कारण तो पुढे अनेक वर्षं सायकलीला होता. घरापर्यंतच्या वाटेत मी एकदाही पायांचा विचार केला नाही, काळीच मला घेऊन आली. चढाला मला माझी लाज वाटत होती, उताराला जास्त वाटत होती.

मामा गोठ्यात होते. खुंटीवर घोडीचं दावं टांगलेलं होतं. ब्रेक बघून ते म्हणाले, "दावं कावून परत आणलं? बरकत जाईल त्यांची."

 मी माझं उपरणं काढलं, त्यांच्या हातावर टाकलं आणि खाली त्यांची बोटं धरली. मामा चकित होऊन बघत राहिले. त्यांना काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, पण ते सांगायला कोणतं बोट दाबायचं ते मला कळेना. मी नुसता हात धरून बसलो. मामांनी उपरण्याकडे बघितलं, नांदूरघाटच्या दिशेला बघितलं, आणि त्यांना कळलं असावं की मुन्शीजी बोलले. त्यांचे डोळे भरले. माझे तर आधीच भरले होते.

"सोड बे," ते म्हणाले, "गुदगुल्या व्हत्यात." पण हात त्यांनी काढला नाही.